अल्ट्रालाइट टार्प निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंबू सोडून टार्पकडे वळू पाहणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वजनं ठोकळ आहेत, बनावटीगणिक थोडी इकडेतिकडे होतात.

१. टार्प म्हणजे नुसतं छप्परच ना? मग तंबू सोडून तो का घ्यायचा?

हो, नुसतं छप्पर. तळ नाही, मच्छरदाणी नाही, चेन नाही, सोबत काठ्याही येत नाहीत. कापडाचा एक तुकडा आणि कडेने दोऱ्या बांधायला लूप, एवढाच ऐवज. त्याच्या बदल्यात वजन कमी होतं, हवा खेळती राहते, पाठीवरची सॅक उघडून पसरायला जागा मिळते आणि जागा पाहून छपराचा आकार बदलता येतो. जातं ते बंद दाराचं समाधान. ते ज्याला हवंच आहे त्याने टार्प घेऊ नये. रात्रभर बॅटरी मारत बसण्यापेक्षा अर्धा किलो जास्त वाहिलेलं बरं.

एवढ्यावर भागतं का, अशी शंका असेल तर एमा गेटवुड आठवाव्यात. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्याने चालल्या. निवाऱ्यासाठी त्यांच्याकडे न्हाणीघरात लावतात तसला प्लॅस्टिकचा पडदा होता.

२. वजन खरंच किती वाचतं?

जाहिरातीत दिसतं त्यापेक्षा कमी. "टार्प फक्त २०० ग्रॅम" असं लिहिलेलं असतं तेव्हा ते निव्वळ कापडाचं वजन असतं. अख्ख्या निवाऱ्याचं वजन मोजा. २.४ × ३ मीटरचा सिलपॉलीचा (सिलिकॉनचा लेप दिलेलं पॉलिएस्टर, प्रश्न ७) टार्प साधारण ३५० ते ४०० ग्रॅम. त्यात आठ पेग (जमिनीत रोवायच्या खुंट्या) म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास, दोऱ्या ३० ते ४०, खालचं अंथरूण ५० ते १००, आणि किडे असतील तर जाळी किंवा बिव्ही (स्लीपिंग बॅगवर चढवायची हलकी पिशवी) आणखी २०० ते २५०. बेरीज पाऊण किलोच्या पुढे जाते.

ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे एकेरी कापडाचे हलके तंबू आज ५०० ते ६०० ग्रॅममध्ये मिळतात. म्हणजे वर्षभर डास असलेल्या भागात चालणाऱ्याला, जाळी धरून, टार्पचा हिशेब उलटाही पडू शकतो. थंड, कोरड्या किंवा डास नसलेल्या दिवसांत मात्र जाळी घरी ठेवता येते, आणि टार्पची खरी बचत तिथे आहे. सॅकचं मूळ वजन (अन्न, पाणी, इंधन वगळून) साडेचार किलोच्या आत आणायचं असेल तर हे तीन-चारशे ग्रॅम नक्की जाणवतात.

३. साधी निळी ताडपत्री नाही का चालणार?

शिकायला उत्तम चालेल. प्लॅस्टिकची विणलेली नेहमीची ताडपत्री चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम असते, म्हणजे २.४ × ३ मीटरला पाऊण किलो आणि वर सामान. शिवाय घडी मोठी होते, वाऱ्यात फडफडाट होतो आणि कडेची धातूची भोकं जोराच्या ताणाला उपटतात. पण कोणता आकार आपल्याला पुरतो, कोणती मांडणी जमते, गाठी हाताला बसतात का, हे सगळं तिच्यावर मोकळ्या मैदानात करून पाहता येतं. महागडं कापड घेण्याआधी दोनचार रात्री हे करावंच.

४. एकट्यासाठी माप केवढं घ्यावं?

सपाट टार्प १.५ × २.६ मीटरपासून २.४ × ३ मीटरपर्यंत मिळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने मोठ्या टोकाकडून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. दोन्हींत फरक, सिलपॉलीचं कापड धरलं तर, १५० ग्रॅमच्या आसपास आहे. त्या १५० ग्रॅमांत चुकीच्या मांडणीला माफी मिळते.

रुंदीचं गणित असं. २.४ मीटर रुंद टार्प मधोमध आढ्यावर टाकला की दोन्ही बाजूंना १.२ मीटरचं पाखं मिळतं. आढं १ मीटर उंच धरून दोन्ही वळचणी जमिनीला टेकवल्या तर खाली रुंदी उरते १.३ मीटर. आढं ९० सेंटिमीटरवर आणलं तर जवळपास १.६ मीटर. हेच १.५ मीटर रुंद टार्पचं केलं आणि आढं ६० सेंटिमीटरवर ठेवलं, तर खाली ९० सेंटिमीटर मिळतात. एवढ्यात उताणं झोपता येतं, उठून बसता येत नाही. आणि काठाजवळची जागा मोजू नका. तिथे कापड स्लीपिंग बॅगला टेकतं आणि आतल्या बाजूचा ओलावा बॅगेत उतरतो.

लांबीचा विचार तिरप्या पावसाने करावा. पाऊस ४५ अंशांत येत असेल तर तोंड जेवढं उंच तेवढाच तो आत पोचतो. १ मीटर उंच उघड्या तोंडातून १ मीटर. म्हणजे ३ मीटर लांबीत २ मीटर कोरडी जागा उरली, तुमच्या उंचीपुरती. २.६ मीटरच्या टार्पमध्ये उरतात १.६ मीटर, आणि पाय भिजतात. पण वाऱ्याकडचं तोंड ४० सेंटिमीटरवर खाली ओढलं की तीच झड ४० सेंटिमीटरवर अडते. छोटा टार्प वापरणारे अनुभवी लोक कोरडे राहतात ते यामुळे. त्यांना तोंड कुठे आणि किती पाडायचं ते कळतं.

५. आम्ही दोघं आहोत, मग?

बऱ्या हवेत २.४ × ३ मीटर दोघांना पुरतो. पावसाचे दिवस असतील तर ३ × ३ मीटर. दोघांपैकी कुणीही सहा फुटांच्या वर असेल तर विचारच करू नका, मोठा घ्या.

६. सपाट, वक्र कापलेला की पिरॅमिड?

सपाट टार्प म्हणजे सरळ आयत किंवा चौरस. तो शेकडो प्रकारे ताणता येतो आणि कुठल्याही एका प्रकारात तो परिपूर्ण नसतो. कडा थोड्या ढिल्या राहतात, वाऱ्यात फडफडतात.

वक्र कापलेल्या, म्हणजे कॅट-कट टार्पमध्ये आढं किंवा कडा आतल्या बाजूला किंचित वळवून कापलेल्या असतात. दोन टोकांना धरलेली साखळी मधे लोंबते तीच ही रेषा. ताण सगळीकडे सारखा पडतो आणि थोड्या पेगांत कापड ढोलासारखं तंग बसतं. मात्र ज्याचं आढंच वक्र आहे तो टार्प दुमडत्या छपराची (मधे आढं, दोन्हीकडे उतार) एकच मांडणी नीट करतो. नुसत्या कडा वक्र असतील तर बरीचशी मोकळीक शिल्लक राहते.

पिरॅमिड मधल्या एका पोलवर उभा राहतो आणि चहूबाजूंनी जमिनीपर्यंत येतो. झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या वाऱ्यात आणि बर्फात याला तोड नाही. उणं एवढंच की पोल बरोबर मधे येतो, उतरत्या दारातून पाऊस थेट आत पडतो आणि तळाला मोठी, बऱ्यापैकी सपाट जागा लागते.

मुक्काम बहुतेक झाडीत असेल तर सपाट घ्या. बहुतेक उघड्या माथ्यांवर असेल तर पिरॅमिड. कॅट-कट त्याच्यासाठी, ज्याने सपाट टार्प वापरून आपण दरवेळी एकच मांडणी करतो हे ओळखलं आहे.

७. सिलनायलॉन, सिलपॉली आणि डीसीएफ यांत खरा फरक काय?

सिलनायलॉन म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन. चिवट, लवचीक, मुठीत मावेल इतकी छोटी घडी. दोष एकच, पण रोजचा: नायलॉन पाणी शोषतं आणि लांबतं. संध्याकाळी तंग ताणलेला टार्प पावसात तासाभरात मधे झोळ धरतो, झोळात वारा भरतो. अंधारात उठून दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. झोपण्याआधी एकदा ओढून घेतल्या आणि दोरीत छोटा इलॅस्टिकचा तुकडा घातला तर त्रास बराच कमी होतो.

सिलपॉलीत नायलॉनच्या जागी पॉलिएस्टर. ते पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे झोळ धरत नाही. उन्हालाही नायलॉनपेक्षा बरं टिकतं. त्याच जाडीत फाटण्याला मात्र नायलॉनइतकं चिवट नसतं. दोन्हींचं तयार कापड साधारण चौरस मीटरला ४० ते ५० ग्रॅम.

डीसीएफ (डायनीमा कॉम्पोझिट फॅब्रिक) वेगळ्याच जातीचं. यात डायनीमा या अतिशय चिवट प्लॅस्टिकचे धागे विणलेले नसतात, पॉलिएस्टरच्या दोन पातळ पडद्यांमध्ये चिकटवून बसवलेले असतात. मुळात हे शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी आलं. जुन्या मजकुरात क्युबेन फायबर या नावाने भेटतं ते हेच. टार्पसाठी नेहमी वापरतात ते हलकं चौरस मीटरला १७-१८ ग्रॅम. पाणी शोषत नाही, ताणत नाही. पण न ताणणं हे दुधारी आहे: मांडणी तिरकी झाली तर नायलॉन सांभाळून घेतं, डीसीएफ सुरकुत्या दाखवतं आणि सगळा जोर लूपवर टाकतं. घासण्याला नाजूक, घडीला सिलनायलॉनपेक्षा मोठं आणि तिघांत सर्वांत महाग.

पहिला टार्प सिलपॉलीचा घ्यावा. डीसीएफमुळे वाचणारे १५०-२०० ग्रॅम बहुतेकांच्या सॅकमधल्या जादा कपड्यांतून आधी निघू शकतात.

८. "२० डी", "१५०० मिमी" हे आकडे कसे वाचायचे?

डी म्हणजे डेनियर, धाग्याची जाडी: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २० डेनियरचा ९ किलोमीटर धागा २० ग्रॅम भरतो. टार्पसाठी १५ ते ३० हा नेहमीचा पल्ला, २० हा चांगला मध्य.

मिमी म्हणजे कापड पाण्याचा केवढा उंच स्तंभ झेपवतं ते. तंबूच्या तळावर आपण गुडघे टेकतो, म्हणून तिथे मोठा आकडा लागतो. डोक्यावरच्या उतरत्या कापडाला नव्या स्थितीत १५०० पुरतो. वापराने आकडा उतरतो, म्हणून २००० असेल तर आनंद आहे. पाच हजारांच्या मागे लागून कापड जड करू नका.

९. लूप, दोऱ्या, पेग यांत काय पाहायचं?

कडेने किमान आठ लूप, शक्यतो बारा किंवा जास्त. चार कोपरे, आढ्याची दोन टोकं आणि प्रत्येक लांब कडेवर मधे निदान एक. पाख्याच्या मध्यावर बाहेर ओढणारा लूप असेल तर आत खांद्याला जागा मिळते. नसेल तर तेवढ्यासाठी टार्प नाकारू नका. लूपच्या मुळाशी जादा कापडाचं ठिगळ आहे का ते बोटाने चाचपून पाहा. वाऱ्यात टार्प फाटतो तो तिथून.

दोरी दोन मिलिमीटरच्या आसपास, डायनीमाचा गाभा असलेली, उजळ रंगाची. चार कोपऱ्यांना दोन-दोन मीटर, आढ्याच्या टोकांना तीन-तीन. पेग वाय-आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे, १० ते १४ ग्रॅमचे. टायटॅनियमचे, टोकाला आकड्यासारखे वाकवलेले पेग निम्म्या वजनात येतात, पण भुसभुशीत मातीत गोल फिरतात आणि सुटतात. आढ्याची दोन टोकं धरणारे पेग तरी दणकट ठेवा. बाकीचे हलके चालतील.

गाठी चारच लागतात: बोलाइन, ट्रकर्स हिच, टॉट-लाइन आणि प्रुसिक. हातमोजे घालून बांधता आल्या पाहिजेत.

१०. झाडं नाहीत, पेग शिरत नाही, पोलही नाही. मग?

यातलं एक नसेल तर मार्ग असतो. झाडं नसतील तर दोन ट्रेकिंग पोल, ११५ ते १२० सेंटिमीटरवर. पोल वापरत नसाल तर एक टोक खडकाला किंवा झुडपाला बांधा आणि दुसरं जमिनीला. पोल नाही म्हणून वेगळी कार्बनची काठी घ्यायची झाली तर तिचं वजनही प्रश्न २ मधल्या बेरजेत धरा.

कातळावर पेगचं काम दगड करतात. दोरीचा फास लहान, लांबट दगडाला घालायचा आणि त्याच्या पुढ्यात, टार्पच्या बाजूला, मोठा दगड ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडतो. दोरी थेट मोठ्या दगडाखाली दाबली तर रात्रभर घासून तुटते. वाळूत पेग आडवा पुरा, वर वाळू तुडवा.

११. वादळी पावसात टार्प टिकतो का?

टिकतो, पण टार्पपेक्षा जागा टिकवते. उभारायला लागण्याआधी पाच मिनिटं नुसतं फिरा. खोलगट जागा नको. कोरडी असताना ती मऊ, सपाट, मोहक दिसते आणि पहाटे तिथे तळं असतं. घट्ट तुडवलेली माती नको, कारण तिच्यावर थेंब आपटून शिंतोडे वळचणीखालून आत उडतात. पालापाचोळा किंवा गवत ते गिळतं. वर वाळकी फांदी नको. माथा आणि खिंड नको. चर खणायची गरज पडली तर जागा चुकली आहे. खणू नका, हला.

मग मांडणी. रोजच्यासाठी दुमडतं छप्पर: आढं दोन टोकांना, वळचणी जमिनीपासून वीतभर वर. जोर वाढला की तीन गोष्टी करा. वाऱ्याकडचं टोक खाली आणा. वळचणी जमिनीला भिडवा. आढं उतरवा. छप्पर जेवढं बसकं तेवढं वाऱ्याला धरायला कमी. वारा पाख्यावर आडवा घ्यायचा की टोकावर, यावर वाद चालतात. माझा कल निमुळतं, खाली पाडलेलं टोक वाऱ्याकडे करण्याकडे आहे, कारण वारा थोडा फिरला तरी पाखं सांभाळून घेतात.

एक बारीक गोष्ट, जी पहिल्या जोरदार पावसातच कळते. आढ्याची अखंड दोरी टार्पखालून गेली असेल तर झाडाकडून पाणी तिच्यावरून ओघळत आत येतं आणि नेमकं डोक्यावर टपटपतं. टार्पच्या कडेबाहेर त्या दोरीला बोटभर सुतळीचा तुकडा बांधा, टोक खाली लोंबतं ठेवून. पाणी तिथेच उतरून बाहेर गळतं.

दरड, पूर किंवा विजांचा धोका असेल तर टार्प काय, तंबूही उपयोगाचा नाही. तिथे मुक्काम करू नये.

१२. नवा कोरा टार्प, तरी आतून थेंब पडले. गळतोय का?

बहुधा नाही. तीन शक्यता आहेत.

पहिली, शिवण. सिलिकॉनच्या कापडाला टेप चिकटत नाही, त्यामुळे मधल्या शिवणीतून पाणी झिरपू शकतं. सिलिकॉन सीलंट मिनरल स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. घेतानाच शिवण सील केलेली आहे का ते विचारा. ज्याला मधे शिवणच नाही असा अरुंद टार्प या कटकटीतून सुटतो.

दुसरी, दव. निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतं आणि हवेतला ओलावा दोन्ही अंगांना जमतो. उघडं कुरण आणि दरीचा तळ यासाठी कुप्रसिद्ध. झाडाखाली आणि तळापासून थोडं वर मुक्काम केला की फरक दिसतो.

तिसरी, दव आणि पाऊस यांची युती. आत दव धरलेलं असतं, बाहेर मोठे थेंब आपटतात, आणि आतला ओलावा बारीक फवाऱ्यासारखा अंगावर झडतो. लोक याला कापड पाझरलं म्हणतात. वळचणी उचलून हवा वाढवा, आणि सकाळी टार्प आतून पुसायला एक फडकं ठेवा.

१३. किडे, विंचू, साप?

डास असतील तर डोक्यापुरती जाळी (३० ग्रॅमच्या आत), टार्पखाली टांगायची अखंड जाळी, किंवा तोंडाला जाळी असलेली बिव्ही. बिव्हीचा दुसरा फायदा म्हणजे ती शिंतोड्यांपासून स्लीपिंग बॅग वाचवते, म्हणून लहान टार्पबरोबर ती घ्यावीच. सरपटणाऱ्यांची खरोखर वस्ती असलेल्या प्रदेशात आणि ऋतूत तळ शिवलेली, चेनने बंद होणारी जाळी घ्या. बूट सकाळी झटकून घाला.

१४. खाली काय अंथरायचं?

पॉलिक्रो, म्हणजे खिडक्यांना लावायची पातळ फिल्म, एकट्याला ५० ग्रॅमच्या आसपास. टायव्हेक (कागदासारखी दिसणारी चिवट प्लॅस्टिकची शीट) दुप्पट किंवा जास्त जड, पण काटेरी जमिनीवर निर्धास्त. माप मॅटपेक्षा थोडंसंच मोठं ठेवा. टार्पच्या बाहेर डोकावणारी शीट पाणी गोळा करून तुमच्याखाली आणते.

१५. पोंचो-टार्प घेतला तर रेनकोट आणि छप्पर एकातच, नाही का?

कागदावर अप्रतिम. पण पावसात मुक्कामाला पोचलात की छप्पर उभारण्यासाठी अंगावरचा रेनकोट काढावा लागतो, आणि रात्री बाहेर जायचं तर अंगावर काहीच नाही. माप साधारण १.५ × २.६ मीटर, म्हणजे प्रश्न ४ मधल्या छोट्या टोकाचं. पाऊस क्वचित येणाऱ्या प्रदेशात, बिव्हीसोबत, चांगली योजना आहे. सतत पावसात नाही.

१६. हॅमॉकचा टार्प जमिनीवर चालेल?

चालेल, तंतोतंत नाही. हॅमॉकचे टार्प बरेचदा षट्कोनी असतात: आढं ३.३ ते ३.६ मीटर, पण टोकांकडे कापड निमुळतं, त्यामुळे जमिनीवर टोकांना आडोसा कमी पडतो. दोन्ही करायचं असेल तर आयताकृती घ्या.

१७. खाली बसून स्टोव्ह पेटवला तर?

उंच, उघड्या मांडणीत, कडेला, वारा नसताना ठीक. बंद पिरॅमिडमध्ये नाही: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ही सगळी कापडं वितळतात. डायनीमा तर १५० अंश सेल्सियसच्या आसपासच. शेकोटीची एक ठिणगी भोक पाडायला पुरते.

१८. जुना, वापरलेला टार्प घ्यावा का?

सिलनायलॉन किंवा सिलपॉली असेल तर बिनधास्त, पण उजेडापुढे धरून भोकं पाहा आणि लूप ओढून पाहा. कापड चिकट लागत असेल किंवा आंबट वास येत असेल तर काही कापडांना आतून दिलेला असतो तो पॉलियुरेथेनचा लेप सुटतो आहे. तो परत बसत नाही. डीसीएफमध्ये घड्यांच्या रेषांवर बारीक छिद्रं आणि पडदे सुटून आलेले पांढुरके भाग शोधा. एखाददुसरं छिद्र डीसीएफच्या चिकटपट्टीने दोन मिनिटांत बुजतं, सिलनायलॉनवर सिलिकॉनचा थेंब पुरतो. पण घड्यांच्या रेषेत भोकांची रांगच असेल तर तो टार्प कितीही हलका असला तरी घेऊ नका.